ओला, सुका आणि हक्काचा

सकाळी दहा-साडेदहाला पुण्याच्या आतल्या रस्त्यांवरून चालत गेलं, तर कुठल्यातरी झाडाखाली ढकलगाडी टेकवून दोन बायका पोती पसरून बसलेल्या दिसतात. घरोघरचा कचरा गोळा करून झालेला असतो, ओला घंटागाडीत रिकामा झालेला असतो. आता सुक्याची निवड चालू असते, आणि ती बघण्यासारखी असते. पाण्याची बाटली हातात आली की झाकण फिरवून वेगळं, बाटली वेगळी. दोन्हींचं प्लास्टिक निराळं, भावही निराळा. तळाशी उरलेलं पाणी आधी ओतायचं, कारण माल ओला दिसला की भंगारवाला वजनात कापून घेतो. शाम्पूची बाटली दुसऱ्या पोत्यात. पुठ्ठ्याचा खोका मोडून सपाट. पिझ्झाच्या खोक्याचं कोरडं झाकण फाडून घ्यायचं, तेल प्यायलेला तळ टाकून द्यायचा. दुधाची पिशवी धुतलेली असली तर सरळ पोत्यात; आंबूस वासाची असली तर नाक मुरडून, पण पोत्यातच. वेफर्सचं चकचकीत पाकीट मात्र बऱ्याचदा न बघताच बाजूला भिरकावलं जातं.

हात इतके सराईत चालतात की बघणाऱ्याला नियम उमगत नाही. नियम सोपा आहे. ज्याला गिऱ्हाईक आहे ते पोत्यात, ज्याला नाही ते ढिगात. एखादी वस्तू रिसायकल होण्याजोगी आहे की नाही हे तिच्या बुडाशी छापलेल्या त्रिकोणावरून ठरत नाही. आज दुकानात तिला काय भाव चालला आहे, यावरून ठरतं.

या दोघी महापालिकेच्या नोकर नाहीत. कुणा ठेकेदाराने त्यांना रोजावर ठेवलेलं नाही. ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या त्या सभासद आहेत, म्हणजे कागदोपत्री तरी मालक. पुण्यात अशा साडेतीन हजारांच्या आसपास सभासद आहेत, आणि शहरातल्या लाखो घरांचा कचरा त्यांच्या हातांतून जातो.

गल्लीत वेगवेगळा कचरा गोळा करण्याची योजना म्हटली की आपल्या शहरांना आधी डबे सुचतात, मग गाड्या, मग जाहिरातीचे फलक. पुण्यात क्रम उलटा लागला. इथे माणसं आधी होती आणि त्यांना बाजार ठाऊक होता. योजनेने त्यांना दोन गोष्टी दिल्या: दारापर्यंत पोचण्याची मुभा आणि सुक्या कचऱ्यावरचा हक्क. योजना उभी राहिली ती या दोन गोष्टींवर. जिथे ती लंगडते, तिथे खोलात गेलं की यांपैकी एक कुणीतरी काढून घेतलेली सापडते.

कुंडीपासून दारापर्यंत

मराठी मध्यमवर्गीय घराला जुन्या वस्तू परत वाटेला लावणं नवं नव्हतं. जुन्या साड्यांवर बोहारीण स्टीलचं पातेलं देऊन जाई, महिनाअखेरी रद्दी काट्यावर चढे, तेलाचे डबे आणि औषधांच्या बाटल्या घ्यायला हाळी घालत माणूस येई. पण दारात बसून घासाघीस करणाऱ्यांचा धंदा वेगळा आणि कुंडीत उतरणाऱ्या बाईचं काम वेगळं. विकण्याजोगं सगळं घरातूनच विकलं गेल्यावर जे उरे ते कुंडीत पडे, आणि त्यातून तिला दिवसाची कमाई काढावी लागे. भाजीच्या देठांत रुतलेली बाटली, आमटीत भिजलेला कागद, फुटकी काच, अंगावर येणारी कुत्री, आणि पाठीवर पोतं दिसलं की चोरीचा संशय घेणारा पोलीस.

या बायका कोण होत्या? बहुसंख्य दलित, त्यांतही मातंग आणि बौद्ध. अनेकींची कुटुंबं बाहत्तरच्या दुष्काळात मराठवाड्याकडून शहरात आलेली. कचरा वेचायला भांडवल लागत नाही, ओळखपाळख लागत नाही, कुणी कामावर ठेवावं लागत नाही. ज्यांना दुसरी दारं बंद होती, त्यांना कुंडी उघडी होती.

१९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातल्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून पूर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण या बायकांपर्यंत पोचल्या. निमित्त साक्षरतेचं होतं. पण दिवसभर वाकून आलेल्या बाईला अक्षरांपेक्षा कमाईची आणि कंबरेची काळजी जास्त, हे लवकरच लक्षात आलं. मग प्रश्न बदलला: तोच कागद, तीच बाटली कुंडीत जाऊन बरबटण्याआधीच मिळाली तर? माल कोरडा, भाव चढा, वेळ निम्मा, जखमा कमी. त्यासाठी घरातच कचरा वेगळा ठेवायला रहिवाशांना सांगावं लागणार होतं आणि बाईला दारात येऊ द्यावं लागणार होतं. प्रयोग झाला. सुमारे तीस बायकांना घराघरातून वेगळा केलेला कचरा मिळू लागला.

मग नेहमीचं घडलं. काम जमलं आहे, त्यात पैसा आहे हे दिसताच एका खासगी उद्योजकाने मोटार लावून त्याच भागातला कचरा गोळा करायची तयारी केली. बायकांनी विरोध केला आणि तो तेवढ्यापुरता टळला. पण जी जागा मिळाली आहे ती एकेकटीने राखता येणार नाही, हा धडा पक्का झाला.

मे १९९३ मध्ये पुण्यात कचरावेचकांचा मेळावा भरला. आठशेहून अधिक जण आले. हमाल पंचायतीच्या अनुभवातून असंघटितांची संघटना कशी बांधायची हे जाणणारे डॉ. बाबा आढाव पाठीशी होते. त्या मेळाव्यातून ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बायका आणि दारोदार भंगार विकत घेणारे फेरीवाले, दोघेही तिचे सभासद झाले. पहिली मोठी मागणी पैशांची नव्हती, ओळखपत्राची होती. १९९५-९६ मध्ये पुणे महापालिकेने पंचायतीच्या ओळखपत्रांवर आपली मोहोर उमटवली. देशात असं करणारी ही पहिली महापालिका. रस्त्यात अडवणाऱ्या हवालदारापुढे धरायला आणि फाटकावरच्या रखवालदाराला दाखवायला हाती काहीतरी आलं.

पंचायतीने पुढे जो युक्तिवाद लावून धरला त्यात दया मागितलेली नव्हती, हिशेब मांडलेला होता. या बायका जेवढा माल उचलून बाजारात नेतात तेवढा महापालिकेला वाहून न्यावा लागत नाही, पुरावा लागत नाही. म्हणजे दरवर्षी त्या शहराचे पैसे वाचवतात, आणि त्याबद्दल त्यांना दमडी मिळत नाही. २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसाठी झालेल्या अभ्यासाने हा हिशेब आकड्यांत बसवला. त्यानंतर महापालिकेने नोंदणीकृत कचरावेचकांचा आरोग्य विमा उतरवायला सुरुवात केली, ती याच युक्तिवादाच्या बळावर.

उरुळीने दिलेला धक्का

शहराला मात्र हिशेबापेक्षा दुर्गंधी लवकर समजते. एकेकाळी पुण्याचा कचरा कोथरूडला पडत असे. कोथरूड वाढलं, वस्ती डेपोला येऊन भिडली, ओरड झाली आणि डेपो बंद करावा लागला. आज त्या जागेवर मेट्रोचा डेपो आहे. कचरा गेला शहराच्या दुसऱ्या टोकाला, सासवड रस्त्याकडच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीला. तिथे १९९१ पासून ट्रक रिते होत राहिले, ढीग वाढत गेला, त्यातून झिरपणाऱ्या काळ्या पाण्याने विहिरी नासवल्या. कोथरूडकरांनी ओरड केली तेव्हा डेपो हलला. उरुळीकरांनी केली तेव्हा त्यांना आश्वासनं मिळाली.

शेवटी गावकऱ्यांनी गाड्याच अडवल्या, एकदा नव्हे, अनेकदा. एप्रिल २०१७ मध्ये डेपोला आग लागली, धूर आसपासच्या वस्त्यांवर पसरला, आणि त्यानंतरचं आंदोलन तीन आठवड्यांहून अधिक चाललं. तेवढे दिवस पुण्यात कोपऱ्याकोपऱ्यावर ढीग साचले आणि एरवी कचऱ्याकडे न बघणारे लोक तो कुठे जातो हे विचारू लागले.

अशा प्रत्येक कोंडीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. ज्या गल्लीत ओला आणि सुका खरोखर वेगळा होत होता, तिथे सुका विकला जात होता, ओला जवळपास जिरवता येत होता, आणि पडून राहण्याजोगं थोडंच उरत होतं. जिथे सगळं एकाच पिशवीत कोंबलेलं होतं, तिथे मात्र ट्रकवाचून इलाज नव्हता. गावकऱ्यांनी अडवला तो हाच मिश्र कचरा. वेगळा केलेला कचरा अडवायला कुणाला कारणच पडत नाही.

गल्ली सुरू होते तेव्हा

घनकचऱ्याचे केंद्राचे नियम २००० साली आले. दारोदार संकलन करा, वेगवेगळा कचरा घ्या, उघड्यावर टाकू नका, असं त्यांत स्पष्ट होतं. बहुतेक शहरांनी त्याचा अर्थ गाड्या आणि निविदा असा घेतला. पुण्यात पंचायतीने विचारलं की हे काम आधीपासून करणारी माणसं शहरात असताना दुसऱ्यांना का द्यायचं. दोन-तीन वर्षांच्या पथदर्शी प्रयोगात सुमारे दीड हजार कचरावेचक दारोदार संकलनात आले. २००७ मध्ये ‘स्वच्छ’ सहकारी संस्था म्हणून नोंदली गेली, आणि २००८ मध्ये महापालिकेने तिच्याशी पाच वर्षांचा करार केला. कचरावेचकांच्या पूर्ण मालकीची देशातली पहिली संस्था अशी तिची ओळख झाली.

करार थोडक्यात असा. महापालिका ढकलगाड्या, बादल्या, निवडीसाठी जागा आणि संस्था चालवण्याचा खर्च देणार. घरं महिन्याचं सेवाशुल्क थेट बाईच्या हातात देणार. झोपडवस्त्यांत शुल्क कमी असल्याने तिथली तूट महापालिका काही प्रमाणात भरून काढणार. आणि सुकं विकून येईल तो पैसा गोळा करणारीचा.

कागदावर हे चार ओळींत मावतं. गल्लीत उतरलं की एकेक ओळ महिनाभर पुरते. आधी घरं मोजावी लागतात: किती मजले, लिफ्ट आहे का, दुकानं किती, नळाला पाणी कधी येतं आणि माणसं कितीला कामाला जातात. मग बघावं लागतं की इथला कचरा सध्या कोण उचलतं. कुणीतरी उचलत असतंच. कधी जिन्याची झाडलोट करणारा, कधी रखवालदार, कधी कोपऱ्यावरच्या कुंडीत वर्षानुवर्षं वेचणारी बाई. त्या बाईला पहिला मान द्यायचा, ही साधी गोष्ट सुटली की योजना पहिल्याच दिवशी कुणाच्यातरी पोटावर पाय देते.

साधारण दोनशे ते तीनशे घरांमागे दोघींची जोडी असते. एक जिना चढते, दुसरी गाडीपाशी थांबते. एकीचं पोर आजारी पडलं तर दुसरी रेटून नेते. जोडी बहुधा नात्यातली: सासू-सून, जावा-जावा, मायलेकी. त्यामुळे हिशेबावरून भांडण झालं तरी घरातच मिटतं.

यानंतर कुंडी उचलायची. हा सगळ्यांत नाजूक दिवस. कुंडी हलली तरी तिची जागा लोकांच्या हाताला पाठ असते. सकाळी सहाला निघणारा आयटीवाला, रात्री उशिरा दुकान बंद करणारा, दोघेही जाता जाता पिशवी तिथेच टाकतात. मग कुणी तिथे रांगोळी काढतं, कुणी कुंड्यांत झाडं लावतं, काही दिवस आरोग्य कोठीचा माणूस पहारा देतो. ज्यांची वेळ जमत नाही त्यांना डबा दाराबाहेर ठेवायची सवय लागली की ढीग हळूहळू आटतो.

अमेरिकेतल्या बर्कली शहरात १९७३ साली ‘इकॉलॉजी सेंटर’ या संस्थेने घरोघरची वर्तमानपत्रं रस्त्याच्या कडेवरून उचलायला सुरुवात केली. तिकडच्या अशा योजनांचं हे जुनं उदाहरण. पुढे तिथे रूढ झालेल्या पद्धतीत डबा कडेला ठेवला जातो, गाडी येऊन तो रिता करते, आणि आत काय कोंबलं होतं हे कळतं ते दूरच्या कारखान्यात पट्ट्यावर. पुण्याच्या गल्लीत ते दारातच कळतं. भाताच्या शितांत बुडालेली बाटली बाहेर आली की ताई डबा तसाच धरून उभी राहते, काकू ओशाळतात, आणि दुसऱ्या दिवशी पिशव्या दोन होतात. कायद्यात दंड आहे, महापालिकेची पथकंही आहेत. पण रोज सकाळी सात वाजता समोरासमोर उभं राहावं लागणं याच्याइतकं दुसरं काहीच लागू पडलेलं नाही.

ओल्याचं पुढे काय होतं, इथे पुण्याची बाजू तेवढी भक्कम नाही. वॉर्डावॉर्डांत पाच-पाच टनांचे बायोगॅस प्रकल्प उभे राहिले; काही चालले, काही रडतखडत चालतात, काही नुसते उभे आहेत. बायोगॅसच्या टाकीला शुद्ध ओला कचरा लागतो. त्यात प्लास्टिक गेलं की यंत्र अडतं, यंत्र अडलं की गाडी पुन्हा डेपोच्या वाटेला लागते. त्या मानाने सोसायटीतला गांडूळखताचा खड्डा कमी बोलतो आणि जास्त जिरवतो. गांडूळखत, सौरऊर्जा, पावसाचं पाणी साठवणं यांपैकी एक केलं तर पुण्यात मिळकतकरात पाच टक्के आणि दोन केले तर दहा टक्के सूट आहे. सोसायटीच्या सभेत एखादा खडूस निवृत्त काका हे नेमकं काढतो आणि ठराव मंजूर होतो.

दोन खिसे

कचरावेचकाची कमाई दोन खिशांतून येते. एकात सेवाशुल्क, दुसऱ्यात भंगार. हे दोन्ही का लागतात हे सुरुवातीलाच कळलं, आणि तेही भलत्या पद्धतीने. ज्या २००८ मध्ये करार झाला त्याच वर्षाच्या अखेरीस जगभर मंदी आली आणि भंगाराचे भाव धाडकन कोसळले. पुठ्ठा, प्लास्टिक, पत्रा, सगळंच. अमेरिकेतल्या बँका बुडाल्याचा फटका पुण्यातल्या वस्तीतल्या बाईला बसला, कारण मागणी घटली की कारखाने नवा माल मागत नाहीत आणि जुन्याला तर विचारतच नाहीत. प्लास्टिकचं आणखी एक गणित आहे. ते तेलापासून बनतं. तेल स्वस्त झालं की कोरा दाणा स्वस्त होतो आणि भंगारातून काढलेल्या दाण्याला उठाव राहत नाही. ज्या बायकांना दारोदारचं शुल्क मिळत होतं, त्यांना त्या दिवसांत टेकू मिळाला. नुसत्या भंगारावर जगणाऱ्यांचे हाल झाले.

शुल्काचा खिसाही भरवशाचा नाही. सुरुवातीला ते घरटी महिन्याला दहा ते तीस रुपयांच्या घरात होतं, पुढे वाढलं. समजा दोघींकडे अडीचशे घरं आहेत आणि घरटी सत्तर रुपये ठरले आहेत. सगळ्यांनी दिले तर साडेसतरा हजार, दोघींत पावणेनऊ-पावणेनऊ हजार. पन्नास घरांनी ‘पुढच्या महिन्यात एकदम देतो’ म्हटलं की पस्तीसशे गेले. भरपगारी रजा नाही. खाडा झाला तर कचरा दुसऱ्या दिवशी दुप्पट.

न देणाऱ्यांचं कारण ठरलेलं असतं: मिळकतकर भरतोच की, मग हे वेगळे कशाला? प्रश्न अगदीच चुकीचा नाही. पण करातून ठेकेदाराला टनामागे पैसे मिळाले तर त्याला जास्त टन वाहायचे असतात. ओला, सुका, माती, दगड, वजन वाढेल ते चालतं. बाईला मात्र टन कमी व्हायला हवे असतात, कारण जेवढा माल ती पोत्यात काढते तेवढा तिचा. एका पद्धतीत कचरा वाढला की कमाई वाढते, दुसरीत कचरा नीट वेगळा झाला की वाढते. सत्तर रुपये खरं तर या फरकाचे आहेत.

पोतं भरल्यावर ते जातं भंगाराच्या दुकानात. तिथे काटा असतो, ‘घट’ असते आणि उचल असते. ओलाव्याची, मातीची म्हणून घट कापली जाते. अडीनडीला दुकानदार उचल देतो आणि मग माल त्यालाच घालावा लागतो. दुकानातून मोठ्या व्यापाऱ्याकडे माल गेला की प्लास्टिक रंगाने आणि जातीने पुन्हा निवडलं जातं, धुतलं जातं, कापून त्याचा दाणा पाडला जातो. पुठ्ठा कागद गिरणीत जाऊन लगदा होतो आणि पुन्हा पुठ्ठा होऊन येतो. प्रत्येक पायरीवर किलोमागे थोडे पैसे वाढतात आणि सगळ्यांत कमी पैसे पहिल्या पायरीवर उरतात. म्हणून पंचायतीने स्वतःची भंगार दुकानं काढून बघितली, सभासदांसाठी पतसंस्था काढली. काटा आपला असला की घटीवरचं भांडण अर्धं संपतं.

ज्याला गिऱ्हाईक नाही

आता ते बाजूला भिरकावलेलं वेफर्सचं पाकीट. प्लास्टिकचे पातळ थर आणि त्यांत चिकटलेला चांदीसारखा मुलामा वेगळे करता येत नाहीत, म्हणून त्याला भाव नाही. थर्माकोल हलका, पोतं भरतं पण वजन भरत नाही. काच जड, कापते आणि किलोमागे फुटकळ पैसे देते. जुने कपडे, गाद्या, चपला यांचंही तेच. घरातल्या माणसाने मोठ्या निष्ठेने ‘सुक्यात’ टाकलेल्या बऱ्याच गोष्टी त्या झाडाखाली पुन्हा कचरा ठरतात.

बाजार जिथे हात वर करतो तिथे वस्तू बनवणाऱ्याने खर्च उचलायचा, हे तत्त्व प्लास्टिकच्या नियमांत आलं. त्यानुसार पुण्यात काही ठिकाणी कंपन्यांच्या पैशातून या वेष्टनांना किलोमागे दर मिळू लागला. दर मिळताच तीच पाकिटं पोत्यात जाऊ लागली. कुणाचं प्रबोधन करावं लागलं नाही. जिथे ही सोय पोचलेली नाही, तिथे ती अजून भिरकावलीच जातात.

सर्वांत अवघड प्रश्न सॅनिटरी पॅड आणि डायपरचा. वर्षानुवर्षं हे सुक्यात किंवा ओल्यात तसंच येई आणि निवडणारीची बोटं त्यात जात. तिने बोलायचं कसं आणि घरच्यांनी ऐकायचं कसं, दोन्हीकडे संकोच. ‘स्वच्छ’च्या सभासदांनी जुन्या वर्तमानपत्रांच्या खास पिशव्या शिवून-चिकटवून विकायला काढल्या. २०१३ मध्ये संस्थेने गोळा झालेले वापरलेले पॅड पाकिटात घालून थेट उत्पादक कंपन्यांच्या कार्यालयांना पाठवून दिले. वस्तू तुमची, नफा तुमचा, मग विल्हेवाट आमच्या हाताने का, एवढाच त्यामागचा सवाल. २०१६ च्या घनकचरा नियमांत उत्पादकांनी पॅडबरोबर गुंडाळायला वेष्टन द्यावं अशी तरतूद आली. पुढे पुण्यात ‘रेड डॉट’ मोहीम चालली: कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा, वेगळं द्या. ठिपक्याला खर्च काहीच नाही. निवडणाऱ्या हाताला मात्र आत काय आहे हे न उघडता कळतं.

सोसायटीच्या फाटकाशी

वाड्यात आणि चाळीत ही पद्धत लवकर रुजली. अडली ती मोठ्या सोसायट्यांच्या फाटकाशी. तिथे साफसफाईचं काम एखाद्या एजन्सीला दिलेलं असतं, आणि एजन्सीची माणसं पुठ्ठा, बाटल्या, रद्दी तळघरातच काढून घेतात. बाईच्या वाट्याला येतो ओला आणि उरलासुरला. दारापर्यंतची मुभाही गेली, सुक्यावरचा हक्कही गेला, राहिलं फक्त ओझं. तरी समितीच्या सभेत तक्रार असते ती ताई वेळेवर येत नाही याची.

लिफ्टची गोष्ट निराळी. काही इमारतींत तिने जिन्यानेच चढायचं असतं. कारण वासाचं सांगितलं जातं. खाली उतरणाऱ्या कचऱ्याला वास असतो, पण वर जाणाऱ्या रिकाम्या बादलीलाही तोच नियम का, याचं उत्तर कुणी देत नाही. जात हा शब्द न उच्चारता पाळण्याचे प्रकार शहराने चांगले शिकून घेतले आहेत. २२ मार्च २०२० ला गॅलऱ्यांत उभं राहून थाळ्या वाजल्या. दुसऱ्या दिवशीपासून त्याच इमारतींत ताई जिन्याने चढत होती, कुठल्या दारामागे आजार आहे हे ठाऊक नसताना.

चांगलीही उदाहरणं गल्लोगल्ली आहेत. सकाळी पाण्याची बाटली भरून ठेवणाऱ्या आजी, काच कागदात गुंडाळून वर ‘काच’ असं लिहिणारी मुलं, शुल्क तीन महिन्यांचं आगाऊ देणारे भाडेकरू. कात्रजमध्ये २०१० नंतर ‘जनवाणी’ ही संस्था, महापालिका आणि ‘स्वच्छ’ यांनी मिळून शून्य कचरा प्रभागाचा प्रयोग केला, तेव्हाही निर्णायक ठरलं ते घरोघरी पुन्हा पुन्हा जाऊन बोलणं. एका पत्रकाने कुणी सवय बदलत नाही.

दिवाळीत या सगळ्याची परीक्षा असते. माळे उपसले जातात, वर्षभर जपलेले खोके बाहेर पडतात, मिठाईचे डबे, नव्या टीव्हीभोवतीचा थर्माकोल, भाऊबीजेनंतर कोमेजलेले झेंडू आणि फटाक्यांचा लाल चिंधीकागद. ढकलगाडीच्या दोन फेऱ्यांच्या तीन होतात. पुठ्ठ्याने पोतं चांगलं भरतं खरं, पण बाजारात एकदम माल आला की भाव उतरतो. पोस्त मागायला दारात उभं राहिलेल्या ताईला वीस रुपये द्यावेत की पन्नास, यावर ज्या घरात चर्चा होते त्या घरातून त्याच आठवड्यात तिने किती किलो उतरवलं, हे एकदा काट्यावर ठेवून बघायला हरकत नाही.

करार संपतो तेव्हा

२०१३ मध्ये पहिल्या कराराची मुदत संपली आणि नवा व्हायला बराच काळ गेला. २०२० च्या अखेरीस पुन्हा तीच गत: मुदतवाढीवर मुदतवाढ. प्रत्येक वेळी सभागृहात तोच वाद रंगतो. यंत्रं आणा, मोठा ठेकेदार नेमा, एकच माणूस जबाबदार धरता येईल. ‘स्वच्छ’विरुद्धच्या तक्रारी सगळ्याच खोट्या नाहीत. काही भागांत खाडे होतात, काही जोड्या रस्त्यावरच निवड करून पसारा मागे टाकतात, शुल्क न देणाऱ्या घरांचा कचरा कधीकधी राहून जातो. पण पसारा रस्त्यावर होतो तो निवडीला शेड नाही म्हणून, आणि शेड देणं करारात महापालिकेकडे आहे. तक्रार कुणाची आणि जबाबदारी कुणाची हे ताडून पाहिलं, तर निम्मे वाद निविदेविनाच मिटतील.

दरम्यान शहर पसरत चाललं आहे. अकरा गावं २०१७ मध्ये हद्दीत आली, आणखी तेवीस २०२१ मध्ये. क्षेत्रफळाने पुणे राज्यातली सर्वांत मोठी महापालिका झाली. शहर रोज दोन हजार टनांहून अधिक कचरा काढतं. या नव्या भागांत दर महिन्याला कुठेतरी नवी इमारत उभी राहते, नवी समिती बसते, आणि कचऱ्याचं काय करायचं यावर पहिली सभा होते. सभेत निळा आणि हिरवा डबा कितीला पडतो यावर पाऊण तास जातो.

त्या पाऊण तासाआधी तीन गोष्टी लिहून काढल्या तर पुढची बरीच वर्षं सुरळीत जातील. आज इथला कचरा कोण उचलतं, आणि नव्या व्यवस्थेत त्या माणसाची जागा कुठली. सुकं कुणाचं, एजन्सीचं, रखवालदाराचं की गोळा करणारीचं. आणि ती आजारी पडली, तिच्या घरी लग्न निघालं, तर त्या दिवशी कोण येणार आणि तिचे पैसे कापणार की नाही. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पुण्याने तीस वर्षांत भांडून मिळवली आहेत, ती कुणालाही उचलता येतील. तिसऱ्याचं उत्तर पुण्यानेही अजून दिलेलं नाही. ते ज्या सोसायटीच्या ठरावात पहिल्यांदा येईल, तिला डब्यांचा रंग कुठलाही चालेल.